बाळकाकाची मुक्कामी गाडी

घरात कुणी गेलं की पहिल्या तासाभरात चार-पाच प्रश्न उभे राहतात. कुणाकुणाला कळवायचं, डॉक्टरांचा दाखला कोण आणणार, गावाकडची मंडळी कधी पोचतील, आणि पोरांना कुठं पाठवायचं? मग शेजारच्या काकू पुढे होतात. "मुलं आमच्याकडे राहू देत," म्हणतात आणि आपल्याला हायसं वाटतं. वाटणारच. आपल्यालाच धड उभं राहवत नसतं. हंबरडा फोडणाऱ्या सासूबाईंना धरायचं की चार वर्षांच्या लेकराच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, अशी वेळ आली की आपण सासूबाईंकडे धावतो.

मुलं शेजारी जातात. बिस्किटं खातात, टीव्ही बघतात. आणि कान मात्र आपल्या घराकडे लावून असतात.

हे मी खात्रीनं सांगते, कारण अशीच शेजारी पाठवलेली एक मुलगी मी होते. साल १९८६, गाव कराड, मी नुकतीच तिसरीत गेलेली. माझा धाकटा काका गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

बाळकाका एसटीत कंडक्टर होता. घरातलं शेंडेफळ म्हणून बाळ, आणि आम्ही पुतणेमंडळीही त्याला अरे-तुरेच करायचो. मोठ्या काकांना अहो-जाहो, याला मात्र "ए बाळकाका". खाकी कपडे, छातीवर बिल्ला, खांद्याला चामडी पिशवी. ड्यूटीवरून आला की त्याच्या पिशवीच्या तळाशी आणि शर्टाच्या खिशात रंगीत कागदाच्या बारीक गोल टिकल्या सापडायच्या. तिकिटं पंच करताना पडलेल्या. त्या आमच्या मालकीच्या. माझ्याकडे काड्यापेट्या भरून साठवलेल्या होत्या, गुलाबी वेगळ्या, हिरव्या वेगळ्या.

सुट्टीच्या दिवशी तो आम्हाला माडीच्या जिन्यावर ओळीनं बसवायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर ड्रायव्हर म्हणून मोठ्या काकांचा मुलगा, आमचा दादा. मग मी. खाली माझा धाकटा भाऊ. देवघरातली घंटा सुतळीनं कठड्याला बांधलेली. "पुढं सरका, पुढं सरका, दारात थांबू नका. सुट्टे काढा. बोला मॅडम, कुठं?" मी दर वेळी म्हणायचे, "गुहागर." पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढं गुहागर, हा रस्ता त्याच्या तोंडून ऐकून आम्हाला पाठ झाला होता. समुद्र मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. "गुहागर? तिकीट घ्या. समुद्राचे पैसे वेगळे पडतील." मग डबल बेल. गाडी सुटायची आणि त्याच वेळी देवाची घंटा कुणी नेली म्हणून आजीचा आवाज सुरू व्हायचा.

दिवाळीच्या सुट्टीत तो मला खरोखरच गुहागरला नेणार होता. पुढच्या सीटवर, खिडकीशी. तसं कबूल झालं होतं.

बऱ्याचदा त्याची ड्यूटी मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळी निघायचं, कोयनेच्या खोऱ्यातल्या एखाद्या गावात रात्री गाडी उभी करून तिथंच पाठ टेकायची आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन परत यायचं. म्हणून "बाळकाका कुठाय?" या प्रश्नाला आमच्या घरात एक ठरलेलं उत्तर होतं. "मुक्कामाला गेलाय, सकाळी येईल."

जूनच्या सुरुवातीला त्याला कावीळ झाली. आधी घरचं पथ्यपाणी, मग कुणी सुचवलेलं गावठी औषध, मग दवाखाना, मग एका रात्री मोठा दवाखाना. "कावीळ डोक्यात गेली" असं मोठी माणसं आपसात बोलत होती. सगळं फार भराभर झालं. आम्हा मुलांना सांगितलं गेलं, "बाळकाका लांबच्या ड्यूटीवर गेलाय."

ज्यांनी सांगितलं त्यांचा मला तेव्हाही राग आला नाही, आताही येत नाही. तरणाताठा पोरगा गेलेल्या घरात कुणाच्या तोंडून काय निघेल याचा हिशेब कोण ठेवणार? आपणही तेच करतो. "देवाघरी गेला", "गावाला गेला", "झोपलाय, उठवू नको" असं म्हणून जातो. लेकराच्या डोळ्यांत पाणी यायला नको, एवढंच आपल्या मनात असतं.

फक्त मुलं हे शब्द घेतात ते असे शब्दशः, की आपल्याला पत्ताही लागत नाही.

माझा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. मुक्कामी गाडी परत यायच्या वेळेला तो रोज उंबऱ्यात जाऊन बसायचा. ड्यूटीवर गेलेला माणूस सकाळी येतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आत येऊन विचारायचा, "आज का नाही आला?" विचारलं की आजी पदर तोंडाला लावायची, आई आत निघून जायची. काही दिवसांनी त्यानं विचारणं सोडून दिलं. घरच्यांना वाटलं, विसरला बिचारा. पुढं थंडीत बाबांना ऑफिसच्या कामानं कोल्हापूरला जायचं होतं. आई सहज म्हणाली, "बाबा ड्यूटीला चाललेत, टाटा कर." पोरानं बाबांच्या पायाला जी मिठी मारली ती सुटेना. रात्री ताप भरला. का भरला हे कुणालाही कळलं नाही.

मारिया नागी नावाच्या एका हंगेरियन बाईंनी बुडापेस्ट आणि आसपासच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांना मरणाबद्दल बोलतं केलं होतं. काहींकडून चित्रं काढून घेतली, मोठ्यांना लिहायला सांगितलं. हा अभ्यास १९४८ साली छापून आला. पाचाच्या आतली मुलं मरणाला प्रवास किंवा झोप समजतात, म्हणजे गेलेला माणूस परत येऊ शकतो, असं त्यांना आढळलं. पाच ते नऊच्या मुलांना मरण हा कुणीतरी माणूस वाटतो, तो येतो आणि घेऊन जातो. नऊ-दहाच्या पुढं मात्र कळू लागतं की हे कायमचं आहे आणि सगळ्यांनाच आहे. मरण माणसाच्या रूपात येतं हे पुढच्या अभ्यासकांना सगळीकडच्या मुलांत काही सापडलं नाही. पण मी ते वाचलं तेव्हा चमकले. आमच्याकडे तर रेड्यावर बसलेला यम गोष्टीच्या पुस्तकात चित्रासकट तयारच होता. त्या पावसाळ्यात रात्री कडी वाजली की मी पांघरुणात शिरायचे.

दादा बारा वर्षांचा. त्याला सगळं नीट कळलं होतं. कळतं म्हणूनच त्याला शेजारीही पाठवलं नाही. उलट जो येईल तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "तू आता मोठा आहेस. रडायचं नाही. आजीकडे बघायचं." तो नाही रडला. रात्री जिन्याच्या वरच्या पायरीवर, त्याच्या ड्रायव्हरच्या जागेवर, एकटा बसलेला मी त्याला पाहिलाय.

आणि मी मधली. मला अर्धवट कळत होतं, आणि अर्धवट कळणं सगळ्यात वाईट.

बाळकाका आजारी पडायच्या दोनच दिवस आधी मला प्रीतिसंगमावर फिरायला घेऊन गेला होता. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या घाटावर तेव्हा बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या लागायच्या. त्याला गोळा नको होता, दात शिवशिवतात म्हणत होता. मी अडून बसले, तू खाल्लास तरच मी खाणार. शेवटी त्यानं कालाखट्टा घेतला आणि जांभळी झालेली जीभ काढून मला वेडावून दाखवली.

बाराव्याला आलेल्या एक बाई आजीला म्हणाल्या, "बाहेरचं खाणं, बाहेरचं पाणी. तेच भोवलं हो पोराला." मी पडद्याआड उभी होते. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

पुढच्या उन्हाळ्यात सगळी मुलं गोळ्याच्या गाडीभोवती जमायची आणि मी लांब उभी राहायचे. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमची किती शहाणी आहे बघा, बाहेरचं काही म्हणून मागत नाही."

हे मी कुणालाही बोलले नाही. वर्षानुवर्षं. माझ्या मुलाला आठव्या वर्षी कावीळ झाली तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना विचारलं, "परवा शाळेबाहेर पाणीपुरी खाल्ली होती, त्यानं का?" बालरोगतज्ज्ञ भले गृहस्थ होते. कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, परवाच्या खाण्यानं आज कावीळ होत नाही. दूषित अन्नपाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला निदान दोन आठवडे लागतात, पुष्कळदा महिना-दीड महिना. म्हणजे गोळ्याचा काही संबंधच नव्हता. कोयनेच्या खोऱ्यात कुठल्याशा गावी, कुठल्याशा रांजणातलं पाणी तो आधीच प्यायला असणार. पस्तिशी ओलांडल्यावर मला हे कळलं. मुलगा खडखडीत बरा झाला. त्याच्या औषधांची यादी हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जरा वेळ बसून राहिले.

मी हे सांगतेय ते माझ्या घरच्यांना दोष द्यायला नाही. एवढ्याचसाठी सांगतेय की, आपण कारण सांगितलं नाही की मूल स्वतः कारण शोधतं, आणि त्याला सगळ्यात जवळचं कारण स्वतःच सापडतं. कुणी मनाशी म्हणतं, मी त्याच्याशी भांडले होते. मी "जा, तू मला नको" म्हटलं होतं. मी त्या दिवशी फोनवर बोलायला नाही म्हटलं होतं. आपल्या मनात आलं म्हणून बाहेर काहीतरी घडलं, असं लहान मुलांना खरंच वाटतं. त्यात त्यांचा दोष नाही, ते वयच तसं असतं. मोठ्या दिसणाऱ्या मुलांच्याही मनात हे असतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

मग सांगायचं तरी काय? मला विचाराल तर, थोडं आणि खरं.

माझ्या भावाला समजा असं सांगितलं असतं: "बाळकाकाला कावीळ झाली होती. आपल्या पोटात यकृत नावाचा एक अवयव असतो, तो आजारानं फार बिघडला. कावीळ झालेली बहुतेक माणसं बरी होतात, पण त्याचं यकृत बरं झालं नाही. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तो मेला. म्हणजे त्याचं शरीर आता काम करत नाही. त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. तो परत येणार नाही. तुझ्यामुळं, माझ्यामुळं, कुणामुळंच हे झालेलं नाही." इतकंच. "मेला" हा शब्द तोंडातून निघायला जड जातो, मला ठाऊक आहे. आपल्याकडे तो शब्द शिवीत चालतो, आपल्या माणसाबद्दल चालत नाही. "वारला" म्हणा हवं तर. पण पुढं "परत येणार नाही" हे म्हणायला विसरू नका.

देवावर श्रद्धा असेल तर देवाचं जरूर सांगा. फक्त आधी शरीराचं सांगून मग. नुसतं "देवाला आवडला म्हणून नेला" असं सांगितलं की पोर दुसऱ्या दिवसापासून देवासमोर शहाण्यासारखं वागणं बंद करतं. आवडायला नको म्हणून!

अमेरिकेत "सेसमी स्ट्रीट" हा लहान मुलांचा कार्यक्रम आहे. "गली गली सिम सिम" या नावानं त्याचा आपल्याकडचा अवतार पुढं आपण पाहिला. त्यात दुकानदार हूपरकाकांचं काम करणारे विल ली हे नट १९८२ च्या डिसेंबरात वारले. हूपरकाका दुसऱ्या गावी राहायला गेले असं दाखवणं सोपं होतं. कार्यक्रम करणाऱ्यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकारांना विचारलं आणि खरं सांगायचं ठरवलं. २४ नोव्हेंबर १९८३ ला, घरोघरी सगळे एकत्र असतात अशा सणाच्या दिवशी, तो भाग दाखवला. त्यात कार्यक्रमातला एक मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढतो, वाटतो आणि हूपरकाकांचं चित्र घेऊन त्यांनाच शोधायला लागतो. भोवतीची मोठी माणसं त्याला सांगतात की ते वारले, ते येणार नाहीत. सांगताना त्यांचे डोळे भरलेले असतात, आणि ते लपवत नाहीत.

मला त्यातलं हेच सगळ्यात पटलं. मुलांसमोर रडू नये असं आपल्या मनावर इतकं बिंबलेलं असतं की आपण न्हाणीघरात नळ सोडून रडतो. मूल बाहेर दाराशी उभं असतं. त्यापेक्षा "मला काकाची आठवण आली म्हणून रडतेय, थोड्या वेळानं थांबेन" एवढं म्हटलं तर त्याची भीती निम्मी होते. रडणं थांबतं, आई परत भाजी चिरायला लागते, हे त्याला दिसतं.

त्याचं दुःख मात्र आपल्यासारखं सलग नसतं, हे लक्षात असू द्या. सकाळी धाय मोकलून रडलेला मुलगा दुपारी बॅट घेऊन पळतो आणि मावशी म्हणतात, "याला काही वाटतच नाही." वाटतं हो. त्याला एका वेळी तेवढंच झेपतं. मग तीन आठवड्यांनी, केस कापायला न्हाव्यापुढं बसल्यावर, अचानक विचारतो, "काकाची मिशी जाळली का?" आपण दचकतो. न दचकता उत्तर द्यायला जमलं तर बघा. नाही जमलं तर "घरी जाऊन सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी तेच उत्तर मिळतंय ना हे तपासायला.

आणि एक प्रश्न येणारच. "तू पण मरणार?" ऑफिसची घाई, कुकरची शिट्टी, आणि पायाशी हा प्रश्न. आपण पटकन म्हणून जातो, "छे रे वेड्या, मी कुठं जात नाही." मला वाटतं, असं म्हणता येईल: "बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मीही तब्येत सांभाळते. आणि तुला कधीच एकटं राहावं लागणार नाही. बाबा आहेत, आजी आहे, मामा आहे." शेवटची नावं महत्त्वाची. मरण म्हणजे काय, यापेक्षा मला डबा कोण देणार, ही त्याची खरी काळजी असते.

अंत्यदर्शनाला मुलांना ठेवावं का, यावर घराघरांत वाद होतात. माझं मत विचाराल तर स्मशानापर्यंत नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण घरी निरोप घ्यायचा का, हे पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारावं. काय दिसेल हे आधी सांगावं. काका हलणार नाही, नाकात कापूस असेल, लोक मोठ्यानं रडतील. जवळ एक असं माणूस असावं ज्याला त्या दिवशी दुसरं काही काम नाही, आणि मूल नको म्हणालं की त्यानं त्याला बाहेर न्यावं. आमच्या तिघांना कुणीच विचारलं नाही. मी आणि धाकट्यानं शेजारच्या गच्चीवरून पाहिलं, आणि गच्चीवरून जे दिसलं ते जवळून दिसलं असतं त्याहून भयंकर होतं.

सुतकाच्या घरात दुःखाचीही एक रांग असते. आई पहिली, बायको असेल तर बायको, मग भाऊ, बहीण. येणारा प्रत्येक जण त्याच क्रमानं भेटतो. पुतण्या-भाच्यांचा नंबर त्या रांगेत येतच नाही. "काय रे, शाळा कशी चाललीय?" एवढंच त्यांना विचारलं जातं. खरं तर धाकटा काका किंवा मामा म्हणजे मुलांच्या बाजूनं असलेला एकुलता मोठा माणूस. ओरडा खाताना मधे पडणारा, आईला न सांगता सायकलवर डबलसीट नेणारा. तो गेला की मुलांच्या दिवसातली नेमकी कुठली जागा रिकामी झाली, हे आपल्याला बाहेरून दिसतच नाही. त्यांना विचारावं लागतं.

दहाव्याला घाटावर कावळा लवकर शिवेना, असं मी मागाहून ऐकलं. मोठ्या काकांनी हात जोडून सगळं कबूल केलं. आईला सांभाळू, बहिणीचं लग्न थाटात करू, घरावरचं कर्ज फेडू. कावळे आपले लांबून बघत बसले. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, गुहागरचं राहिलंय! कावळ्याचं जाऊ द्या. पण हे विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं. "तुमचं दोघांचं काय ठरलं होतं?" पतंग करायचा होता, किल्ल्यावर जायचं होतं, पोहायला शिकवणार होता. त्यातलं जे जमेल ते करावं, त्याचं नाव घेऊन करावं. बाबांनी मला बऱ्याच उशिरा, कॉलेजात असताना गुहागरला नेलं, तेही एका लग्नाच्या निमित्तानं. समुद्र छान होता. आठ-नऊ वर्षांची असताना नेलं असतं तर मी त्याला फार काय काय सांगितलं असतं.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, आपल्यातल्या कितीतरी घरांतून असे तरुण काका-मामा गेले. अँब्युलन्समध्ये चढताना हात केला, तेच शेवटचं. ना दर्शन, ना दहाव्याला गर्दी. त्या धामधुमीत "काका बरा होऊन येतोय" असं जे सांगितलं गेलं, ते कित्येक घरांत तसंच राहून गेलं. ती मुलं आता मोठी झालीत. त्यांना ठाऊक नाही असं नाही, फक्त घरात बोलायची सोय नाही. उशीर झालाय म्हणून सोडून देऊ नका. "तेव्हा तुला कसं सांगावं मला कळलं नव्हतं, आता विचार काय विचारायचं ते," असं कधीही म्हणता येतं. समोरासमोर जड जात असेल तर गाडीत, ओट्याशी, कपड्यांच्या घड्या घालताना. दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असले की शब्द सोपे होतात.

शाळेत वर्गशिक्षकांच्या कानावर जरूर घाला. नाहीतर "माझा आवडता नातेवाईक" असा निबंध नेमका त्याच आठवड्यात पडतो. भूक कमी होणं, पोट दुखणं, अंथरूण ओलं होणं, एकटं न झोपणं हे काही दिवस चालायचंच. आठवड्यांमागून आठवडे मूल खेळत नाही, शाळेचं नाव काढत नाही, किंवा "मला पण काकाकडे जायचंय" म्हणायला लागतं, तेव्हा मात्र थांबू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन केला म्हणजे आपल्या पोराला काही झालंय असं होत नाही.

आणि गेलेल्या माणसाबद्दल बोला हो. नुसतं "किती गुणी होता" असं नको. हार घातलेल्या फोटोतला माणूस मुलांना आपला वाटत नाही. शारजात १८ एप्रिल १९८६ ला मियाँदादनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तेव्हा बाळकाका रागानं ताटावरून उठला आणि रात्री बारा वाजता गुपचूप भडंगाचा डबा रिकामा करताना आजीला सापडला, ही गोष्ट माझ्या मुलांना तोंडपाठ आहे. त्यांनी त्याला पाहिलेलंही नाही. पण कुणी लबाडी करताना पकडलं गेलं की आमच्या घरात अजून "बाळकाका झालास का?" असं म्हणतात.

पितृपक्षात त्याच्या तिथीला पान वाढतात. खीर, वडे, भाज्या सगळं असतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं विचारलं, "यात भडंग का नाही?" आई म्हणाली, श्राद्धाला लसूण चालत नाही. यावर बरीच चर्चा झाली. शेवटी चुरमुरे, शेंगदाणे, तिखट असं बिनलसणाचं भडंग पानात एका कडेला आलं. गुरुजी काही बोलले नाहीत. मुलगी चाखून म्हणाली, हे त्याला अजिबात आवडलं नसतं. आईनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भरपूर लसूण घालून मोठं पातेलंभर केलं. आता दर वर्षी तसंच करतो, आणि डबा वरच्या फळीवर ठेवतो, कारण दादाची मुलं रात्री येतात.